‘ब्राउन इज द न्यू व्हाइट’: ते ५१ टक्के आले कुठून?

मागच्या लेखात ‘रिसर्च गॅप’ कशी शोधायची यावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: एखाद्या पुस्तकाचं समीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सारांश लिहून शेवटी ‘काही मर्यादा असल्या तरी पुस्तक महत्त्वाचे आहे’ असं जोडलं की समीक्षण होतं का? नाही होत. म्हणून आज एक पुस्तक घेऊन, त्याचा मुख्य आकडा उलगडून बघू.

पुस्तक आहे स्टीव्ह फिलिप्स यांचं ‘ब्राउन इज द न्यू व्हाइट’. प्रकाशन २०१६. फिलिप्स पेशाने नागरी हक्कांचे वकील, सॅन फ्रान्सिस्कोच्या राजकारणात मुरलेले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुरोगामी बाजूचे. अमेरिकेतला वंश, तिथली बदलती लोकसंख्या आणि पुरोगामी राजकारणाचं भवितव्य हा त्यांचा विषय. पुस्तक आलं त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले, आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. त्यामुळे आज या पुस्तकाला हसणं फार सोपं आहे. पण निकाल चुकला म्हणून युक्तिवाद चुकला, असं म्हणणं हा आळशीपणा आहे. चुकीच्या युक्तिवादातूनही कधी बरोबर भाकीत निघतं आणि चांगल्या युक्तिवादातूनही कधी भाकीत फसतं. आपल्याला बघायचं आहे ते वेगळं: लोकसंख्येपासून मतापर्यंत जाताना लेखकाने किती पायऱ्या चढल्या आणि किती गाळल्या?

आधी पुस्तकाचं म्हणणं, प्रामाणिकपणे

समीक्षेचा पहिला नियम: लेखकाचं म्हणणं असं मांडा की तो स्वतः वाचून ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेल.

फिलिप्स यांचं म्हणणं थोडक्यात असं. १९६५ साली अमेरिकेत दोन कायदे झाले. मताधिकार कायद्याने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत पोचू दिलं. स्थलांतर कायद्याने आशिया-लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी दार उघडलं. या दोन्हींचा परिणाम पन्नास वर्षांत साचत गेला. गोरेतर समाज (कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूळनिवासी) आता इतका वाढला आहे की पुरोगामी गोरेतर आणि पुरोगामी गोरे यांची बेरीज केली तर देशातल्या पात्र मतदारांपैकी ५१ टक्के होतात. २३ टक्के गोरेतर, २८ टक्के गोरे. म्हणजे बहुमत तयार आहे. ओबामांचा विजय हा अपवाद नव्हता, ती सुरुवात होती.

मग डेमोक्रॅट हरतात का? फिलिप्स म्हणतात, कारण पक्ष आपले पैसे कुंपणावर बसलेल्या गोऱ्या मतदाराचं मन वळवण्यात घालवतो आणि आपल्या घरच्या मतदाराला गृहीत धरतो. तो घरचा मतदार मग घरीच बसतो. उपाय: मन वळवणं कमी, मतदाराला घराबाहेर काढणं जास्त.

यात तळमळ आहे, आणि ती खोटी नाही. जेसी जॅक्सन यांनी १९८४ आणि १९८८ साली ‘इंद्रधनुष्यी आघाडी’ची जी कल्पना मांडली, तिच्याच वाटेवरचं हे पुस्तक आहे. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

५१ चा ताळा

आता वही घ्या. पुस्तकातला मुख्य आकडा दिसला की तो स्वतः बनवून बघायचा, ही सवय लावून घ्या. मी केलेला ताळा असा:

२०१२ च्या सुमारास पात्र मतदारांमध्ये गोरे साधारण ७१ टक्के, गोरेतर २९ टक्के. एक्झिट पोलनुसार त्या वर्षी ओबामांना गोऱ्यांची ३९ टक्के मतं मिळाली. ७१ चे ३९ टक्के म्हणजे २७.७, म्हणजे २८. गोरेतरांमध्ये ओबामांना कृष्णवर्णीयांची ९३ टक्के, लॅटिनोंची ७१ टक्के, आशियाईंची ७३ टक्के मतं. एकत्रित सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास. २९ चे ८० टक्के म्हणजे २३. बेरीज ५१.

आणि २०१२ मध्ये ओबामांना देशभर मिळालेली मतं किती? ५१.१ टक्के.

आलं लक्षात? ज्याला ‘नवं बहुमत’ म्हटलं आहे, तो ओबामांच्या २०१२ च्या निकालाचाच आकडा वेगळे कपडे घालून आला आहे. एका निवडणुकीचं वर्णन घेतलं, त्याला लोकसंख्येचा गुणधर्म म्हटलं, आणि मग त्या गुणधर्माने पुढच्या निवडणुका जिंकता येतील असं सांगितलं. संशोधनाच्या भाषेत हा वर्तुळात फिरणारा युक्तिवाद झाला. जे सिद्ध करायचं होतं तेच आकड्यात आधी भरून ठेवलं होतं.

या बेरजेत तीन गृहीतकं लपलेली आहेत. एक, डेमोक्रॅटला मत दिलं म्हणजे माणूस पुरोगामी. दोन, ज्यांनी मत दिलंच नाही तेही मत देणाऱ्यांसारखेच विचार करतात. तीन, आज एखाद्या गटाचा जो कल आहे तो उद्याही तसाच राहील. एकेक घेऊ.

मत म्हणजे विचार नव्हे

पहिल्या गृहीतकाला सगळ्यात मोठा धक्का कॅलिफोर्नियाने दिला, तोही २०२० मध्ये. कॅलिफोर्नियात गोरे बहुसंख्य नाहीत. लॅटिनो हा तिथला सगळ्यात मोठा गट आहे. त्या वर्षी बायडन यांना तिथे ६३ टक्क्यांच्या पुढे मतं मिळाली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर ‘प्रस्ताव १६’ होता: सरकारी नोकऱ्या, कंत्राटं आणि सार्वजनिक विद्यापीठांतले प्रवेश यांत वंश आणि लिंग विचारात घेण्यावर १९९६ पासून असलेली बंदी उठवावी का? हा अगदी पुरोगाम्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. प्रस्ताव ५७ टक्के विरोधी मतांनी पडला.

म्हणजे बायडनना मत देणाऱ्यांपैकी लाखो लोकांनी प्रस्ताव नाकारला. पक्षाला दिलेलं मत हे पुरोगामित्वाचं माप म्हणून वापरलं तर हे लोक कुठे बसवायचे? तुम्ही सिनॉप्सिसमध्ये ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ नावाचा जो रकाना कंटाळत भरता ना, तो यासाठी असतो. ‘पुरोगामी’ म्हणजे मी काय मोजणार आहे, हे ठरवलं नाही की मग जे हाताला लागेल तेच मोजलं जातं.

जे आले नाहीत त्यांच्याविषयी

दुसरं गृहीतक जास्त मोहक आहे, कारण ते लोकशाहीवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला आवडतं. लोक मतदानाला आले नाहीत, आले असते तर आपण जिंकलो असतो. प्रत्येक हरलेल्या पक्षाच्या कार्यालयात हे वाक्य ऐकू येतं.

टेक्सासच्या दक्षिण सीमेवर, रिओ ग्रांदे नदीकाठी स्टार काउंटी आहे. लोकसंख्येत जवळजवळ ९७ टक्के हिस्पॅनिक. मतदानाचं प्रमाण कमी. म्हणजे फिलिप्स यांच्या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन इथे ६० टक्क्यांच्या फरकाने पुढे होत्या. २०२० मध्ये मतदान बरंच वाढलं. लोक घराबाहेर पडले. काय झालं? बायडन यांची मतं क्लिंटन यांच्याइतकीच राहिली, नऊ हजारांच्या थोडी वर. ट्रम्प यांची मतं सुमारे सव्वादोन हजारांवरून सव्वाआठ हजारांवर गेली. फरक उरला ५ टक्क्यांचा. २०२४ मध्ये ट्रम्प जवळजवळ ५८ टक्के मतं घेऊन जिंकले. या काउंटीत अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार पुढे राहण्याची ही १८९२ नंतरची पहिली वेळ.

इथे थांबा, कारण उत्साहात आपणही चूक करू शकतो. काउंटीच्या बेरजेवरून ‘नवे मतदार सगळे ट्रम्पकडे गेले’ असं म्हणता येणार नाही. कदाचित जुने काही फिरले आणि नवे दोन्हीकडे वाटले गेले. गटाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणं ही जी प्रसिद्ध चूक आहे, ती विरोधी बाजूने केली तरी चूकच असते. पण एवढं नक्की म्हणता येतं: मतदान वाढलं की फायदा आपोआप डेमोक्रॅटचा, हे इथे खरं ठरलं नाही. २०२४ नंतर प्यू संशोधन केंद्राने मतदार यादीशी पडताळून जो अभ्यास केला, त्यातही मत न देणाऱ्यांचा कल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा, किंचित ट्रम्प यांच्याकडे झुकलेला दिसला.

न आलेला मतदार हा कोरा कागद असतो. त्यावर आपण आपलंच अक्षर वाचतो.

तीन आकडे लागतात, एक पुरत नाही

तिसऱ्या गृहीतकाकडे जाण्याआधी एक जुनं, साधं हत्यार हातात घेऊ. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९७२ साली एका लेखात दाखवलं की एखाद्या गटाचं आघाडीतलं योगदान तीन गोष्टींवर ठरतं: गटाचा आकार, गटातलं मतदानाचं प्रमाण आणि गटाची त्या पक्षाशी निष्ठा. तिन्हींचा गुणाकार.

काल्पनिक उदाहरण घ्या. एका गावात एका गटाचे ३०० पात्र मतदार. निम्मे मतदान करतात, म्हणजे १५०. त्यातले ७० टक्के आपले. आपल्याला १०५, समोरच्याला ४५, आघाडी ६० मतांची. आता गट वाढून ३३० झाला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर आघाडी ६६. छान. पण गट वाढला आणि निष्ठा ७० वरून ६५ वर आली तर? मतदार १६५, आघाडी सुमारे ५०. गट दहा टक्क्यांनी वाढला तरी आपली आघाडी कमी झाली! लोकसंख्या वाढायला दहा-पंधरा वर्षं लागतात. निष्ठा पाच टक्क्यांनी खाली यायला एक निवडणूक पुरते.

लोकसंख्येवर बेतलेल्या सगळ्या भाकितांचा कच्चा दुवा हाच आहे. आकाराचा आकडा हळू आणि ठरलेल्या दिशेने जातो, म्हणून तो भक्कम वाटतो. बाकीचे दोन चंचल असतात, म्हणून ते ‘स्थिर मानू’ असं म्हणून बाजूला ठेवले जातात. पण निकाल त्या चंचल आकड्यांवरच फिरतो.

मायामी-डेड काउंटी बघा: २०१६ मध्ये डेमोक्रॅट जवळजवळ ३० टक्क्यांनी पुढे, २०२० मध्ये फक्त ७, आणि २०२४ मध्ये ट्रम्प विजयी. आठ वर्षांत लोकसंख्येची रचना एवढी बदलत नसते. मात्र इथेही ‘लॅटिनो उजवीकडे गेले’ म्हणून वाक्य संपवू नका. मायामीतले क्यूबन आणि व्हेनेझुएलन, स्टार काउंटीतली पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली मेक्सिकन वंशाची कुटुंबं, यांचा इतिहास एक नाही. दोघे एकाच दिशेने सरकले, पण एकाच कारणाने सरकले हे वेगळं सिद्ध करावं लागेल.

‘गोरेतर’ हा गट आहे की बेरीज?

हे जास्त खोलवरचं आहे. फिलिप्स यांच्या गणितात ‘गोरेतर’ हा एक गट म्हणून वावरतो. पण गट कोणी केला?

आपल्याच लोकांचं उदाहरण घेऊ. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता ‘गोरा’ नाही. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ नावाचा वंशच होता, शीख आणि मुसलमान भारतीयही त्यातच. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ असा वेगळा पर्याय आशियाईंमध्ये आला. माणसं तीच, रकाना चार वेळा बदलला. आणि दर वेळी रकाना कोणीतरी मागून, भांडून किंवा लादून बदलला. वर्गवारी ही राजकारणाच्या आधी तयार असलेली वस्तू नसते. ती राजकारणातूनच घडते.

आता डेट्रॉइटला या. २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून श्री ठाणेदार निवडून आले. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेले, मराठी बोलणारे. आपल्याकडे बातम्या आल्या, अभिनंदनं झाली. पण डेट्रॉइटमध्ये त्या निकालाचा दुसरा अर्थ होता: बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या या शहराला सुमारे ७० वर्षांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. प्राथमिक निवडणुकीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवार उभे होते, त्यांच्यात मतं विभागली गेली.

फिलिप्स यांच्या तक्त्यात या घटनेने काय बदललं? काहीच नाही. जागा आधीही डेमोक्रॅट आणि गोरेतर, नंतरही डेमोक्रॅट आणि गोरेतर. पण ज्या माणसांच्या आयुष्यात हे घडलं त्यांना विचारा, काहीच बदललं नाही का? यात ठाणेदार यांनी काही चूक केली असा मुद्दा नाही. मुद्दा तक्त्याचा आहे. जो तक्ता डेट्रॉइटमधला हा बदल दाखवूच शकत नाही, त्याला आघाडीच्या आतला ताण दिसणार कसा? आणि ताण दिसला नाही, तर आघाडी तुटली की ‘असं कसं झालं?’ म्हणत बसावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड अल्बा यांनी २०२० च्या ‘द ग्रेट डेमोग्राफिक इल्युजन’ या पुस्तकात आणखी एक गाठ सोडवली आहे. ‘२०४५ च्या सुमारास गोरे अल्पसंख्य होतील’ हे जनगणना खात्याचं भाकीत सगळीकडे उद्धृत होतं. पण त्या गणितात एक पालक गोरा आणि एक गोरेतर असलेली मुलं बहुतेक वेळा गोरेतर धरली जातात. प्रत्यक्षात अशा मुलांपैकी अनेकांचं राहणं, शिकणं, लग्न करणं हे गोऱ्या मध्यमवर्गाच्या जवळचं आहे, असं अल्बा दाखवतात. कृष्णवर्णीय-गोऱ्या जोडप्यांच्या मुलांचा अनुभव मात्र वेगळा, त्यांच्या वाट्याला भेदभाव जास्त येतो, हेही ते सांगतात. म्हणजे ‘बहुसंख्य’ कोण हे मोजणाऱ्याच्या नियमावर ठरतं.

भाकीत स्वतःच खेळात उतरतं

मॉरीन क्रेग आणि जेनिफर रिचेसन यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुठल्याच पक्षाशी बांधील नसलेल्या गोऱ्या अमेरिकनांपैकी ज्यांना ‘गोरे लवकरच अल्पसंख्य होणार’ या बदलाची माहिती दिली, त्यांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे जास्त झुकला. पुढे २०१८ मध्ये डॉवेल मायर्स आणि मॉरिस लेव्ही यांनी दाखवलं की हीच लोकसंख्येची गोष्ट मिश्र विवाहांची आणि एकमेकांत मिसळण्याची गोष्ट म्हणून सांगितली तर प्रतिक्रिया सौम्य होते.

म्हणजे ‘आम्ही आता बहुसंख्य’ ही घोषणा निरुपद्रवी नाही. ती ऐकून समोरचा बदलतो. हवामानाचा अंदाज वर्तवल्याने पाऊस बदलत नाही. माणसांविषयीचा अंदाज मात्र माणसं वाचतात. फिलिप्स यांच्या पुस्तकात गोऱ्यांची ही प्रतिक्रिया शत्रूची ताकद म्हणून येते, पण आपल्याच मांडणीचा परिणाम म्हणून येत नाही.

फिलिप्स कुठे बरोबर आहेत

आता दुसरी बाजू. इथपर्यंत वाचून ‘चला, पुस्तक निकालात निघालं’ असं वाटत असेल तर तसं नाही.

२०१२ मध्ये कृष्णवर्णीयांचं मतदान ६६.६ टक्के होतं, २०१६ मध्ये ते ५९.६ वर आलं. जनगणना खात्याच्या पाहणीतले हे आकडे आहेत. त्या वर्षी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून अवघ्या ७८ हजारांच्या आसपास मतांनी गेली. घरच्या मतदाराला गृहीत धरू नका, हा फिलिप्स यांचा इशारा पुस्तक आल्यानंतर काही महिन्यांतच खरा ठरला.

जॉर्जिया हे त्यांचं सगळ्यात बळकट उदाहरण. स्टेसी अब्राम्स २०१८ मध्ये राज्यपालपदाची निवडणूक दीड टक्क्याहून कमी फरकाने हरल्या, पण मतदार नोंदणीचं जे जाळं उभं राहिलं त्याचा उपयोग पुढे झाला. २०२० मध्ये बायडन तिथे ११,७७९ मतांनी जिंकले, आणि जानेवारी २०२१ मध्ये वॉर्नॉक आणि ऑसॉफ हे दोघे सिनेटवर गेले. फक्त हेही त्याच दमात नोंदवा की अटलांटाच्या उपनगरांतले पदवीधर गोरे मतदारही त्या काळात सरकले होते. नोंदणी आणि मन वळवणं, दोन्ही लागलं. २०२२ मध्ये त्याच राज्यात, त्याच मतदारांसमोर वॉर्नॉक जिंकले आणि अब्राम्स साडेसात टक्क्यांनी हरल्या. लोकसंख्या दोघांना सारखीच होती.

म्हणजे फिलिप्स यांची तक्रार खरी, उपाय अर्धा, आणि त्या उपायाला दिलेला लोकसंख्येचा आधार कच्चा. हे तीन निवाडे वेगवेगळे द्यायचे असतात. एकाच ओळीत ‘पुस्तक चूक आहे’ म्हटलं की खरी तक्रारही कचऱ्यात जाते.

आणि तसं घडतंही आहे. फिलिप्स यांच्याआधी, २००२ साली जॉन ज्युडिस आणि रुय तेशेरा यांनी ‘द इमर्जिंग डेमोक्रॅटिक मेजॉरिटी’ लिहिलं होतं. त्यांनी व्यावसायिक, स्त्रिया, अल्पसंख्य आणि नव्या महानगरी अर्थव्यवस्थेतले लोक यांची बेरीज मांडली, पण गोऱ्या कामगारवर्गाचा बराच वाटा राखावा लागेल अशी अटही घातली. शीर्षक सगळ्यांनी लक्षात ठेवलं, अट विसरली. २०२३ मध्ये त्याच दोघांचं पुस्तक आलं, त्याचा प्रश्न असा की डेमोक्रॅट गेले कुठे? आता पक्षात एक मोठा आवाज म्हणतो की वंशाचं राजकारण सोडा, सगळा दोष त्याचाच. मला हाही तसाच उताविळपणा वाटतो. ‘लॅटिनो कायमचे आपले’ हे वाक्य जितकं निराधार होतं, तितकंच ‘लॅटिनो कायमचे गेले’ हेही आहे. दोन्हीत माणसांना विचारायचं राहून गेलं.

यात पणाला काय लागलं होतं ते सांगतो. स्टार काउंटीसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाला मत दिलं गेलं. लोकसंख्याच आपल्या बाजूने आहे असं एकदा मानलं की तिथे जाऊन पगार, पाणी, सीमेवरची नोकरी यांविषयी ऐकून घेण्याची गरज उरत नाही. गंमत बघा: गृहीत धरू नका असं सांगणाऱ्या पुस्तकानेच लोकांना गृहीतकात बसवलं.

तुमच्या कामासाठी

माझ्या स्वतःच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये जातनिहाय लोकसंख्येचे टक्के आणि पक्षाची मतं शेजारी शेजारी ठेवून मी थेट निष्कर्ष काढला होता. गाईड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: ‘मधली माणसं कुठे आहेत?’ तेव्हा राग आला होता. फिलिप्स वाचताना तो शेरा आठवत राहिला. आपल्याकडे ‘या समाजाची एवढी मतं’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून प्रबंधापर्यंत सगळीकडे चालतं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

तेव्हा पुढच्या वेळी असं पुस्तक हातात आलं की पाच गोष्टी करा. मुख्य आकडा स्वतः बनवून बघा. आकार, मतदान आणि निष्ठा वेगळे मांडा, आणि यातलं काय स्थिर धरलं आहे ते शोधा. गटाचं नाव कधी, कोणी, कशासाठी तयार केलं ते बघा. सिद्धान्ताला सगळ्यात अनुकूल असलेली एक जागा निवडा आणि तिथे तो टिकतो का ते तपासा; आपण स्टार काउंटीत तेच केलं. आणि शेवटी, लेखकाची खरी तक्रार आणि त्याचा कच्चा पुरावा वेगळे करा. पुरावा कच्चा म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, आणि तक्रार खरी म्हणून पुरावा पक्का होत नाही.

पुस्तक जरूर वाचा. पेन्सिल घेऊन वाचा. पुढच्या लेखात एक्झिट पोलचे आकडे आणि मतदार यादीशी पडताळलेले आकडे यांत फरक का पडतो, ते बघू. आज मीही एक्झिट पोलचेच आकडे वापरले आहेत, त्यामुळे तो लेख मलाही लिहावाच लागणार आहे.